झाडू, कविता आणि तुरुंग : सेनापती बापट आणि मुळशीचा प्रश्न

भोर आणि वेल्ह्याच्या सगळ्या आज्या, मावश्या, ताया आणि शाळेतून नुकत्याच घरी आलेल्या मुलींनो, आज आम्ही तुम्हाला एका माणसाची गोष्ट सांगणार आहोत. या माणसाच्या नावाचा मोठा रस्ता पुण्यात आहे, मुंबईतही आहे. आपल्यातल्या कितीतरी जणी त्या रस्त्यानं गेल्या असतील. पण तो माणूस आपल्या शेजारच्या खोऱ्यासाठी किती वर्षं तुरुंगात राहिला, हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

ही गोष्ट सांगायचं कसं सुचलं, ते आधी सांगतो. उन्हाळ्यात भाटघरचं पाणी खाली गेलं की वेळवंडीच्या पात्रातून जुनं कांबरेश्वराचं देऊळ वर येतं. मागच्या उन्हाळ्यात आमच्या गटातल्या बायका ते बघायला गेल्या होत्या. चिखलात उभं राहून दगडी भिंतीवरून हात फिरवताना एका मावशींनी विचारलं, "पाणी यायच्या आधी इथं माणसं राहत होती ना? त्यांना कुणी विचारलं होतं का?"

आम्ही सगळ्या गप्प झालो. कारण हा प्रश्न एकट्या भाटघरचा नाही. वेळवंडीवर भाटघर, नीरेवर नीरा देवघर, आंबीवर पानशेत, मोसेवर वरसगाव आणि पलीकडं गुंजवणी. आपल्या दोन तालुक्यांत धरणाच्या पाण्याला पाय न लागलेलं घर शोधावं लागेल. कुणाचं माहेर पाण्यात गेलं, कुणाच्या सासऱ्याची खाचरं गेली, कुणाचे भाऊबंद खाली दुसऱ्या तालुक्यात जाऊन बसले.

मग आम्ही शोध घेतला. जुनी पुस्तकं काढली, वाचनालयात बसलो. तेव्हा कळलं की "आम्हाला विचारलं का?" हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच विचारला गेला होता. वेल्ह्याला लागून उत्तरेला मुळशी तालुका आहे, तिथं. आणि तो प्रश्न घेऊन शेवटपर्यंत उभा राहिलेला माणूस होता एक कवी. त्यांचं नाव पांडुरंग महादेव बापट. लोक त्यांना सेनापती बापट म्हणतात.

पारनेरचा मुलगा

बापटांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० चा, नगर जिल्ह्यातल्या पारनेरचा. घरची परिस्थिती बेताची, पण मुलगा फार हुशार. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकले आणि शिष्यवृत्ती मिळवून १९०४ मध्ये पुढच्या शिक्षणासाठी स्कॉटलंडमधल्या एडिंबरोला गेले. त्या काळात पारनेरसारख्या गावातला मुलगा विलायतेला जाणं म्हणजे केवढी गोष्ट! परत येऊन मोठ्या पगाराची नोकरी करायची, घर वर काढायचं, एवढीच घरच्यांची अपेक्षा असणार.

पण तिथं त्यांनी इंग्रजांच्या भारतातल्या कारभाराविरुद्ध जाहीर भाषण केलं आणि शिष्यवृत्ती बंद झाली. एका भाषणानं पुढचं सगळं आयुष्य बदललं. लंडनमध्ये ते सावरकरांच्या मंडळीत गेले. पॅरिसला जाऊन रशियन क्रांतिकारकांकडून बाँब करायचं तंत्र शिकले आणि १९०८ मध्ये परत आले. त्याच वर्षी बंगालमध्ये बाँबची प्रकरणं उघडकीला आली, धरपकड सुरू झाली आणि बापट भूमिगत झाले. सुमारे चार वर्षं ते लपतछपत राहिले. १९१२ मध्ये इंदूरला पकडले गेले. पण पुरावा पुरेसा मिळाला नाही, म्हणून पुढं सुटले.

इथं क्षणभर थांबून त्यांच्या पत्नीचा विचार करू या. लग्न होऊन काही वर्षं झाली, नवरा विलायतेला गेला. परत आला तो बेपत्ता झाला. कुठं आहे, जिवंत आहे की नाही, पोलीस कधी दार वाजवतील, काही सांगता यायचं नाही. गोष्टी सांगणारे नवऱ्याची गोष्ट सांगतात. अशा घरातल्या बाईनं ती वर्षं कशी काढली असतील, हे मात्र आपल्यालाच जास्त समजतं. १९२० मध्ये त्या वारल्या. बापटांचं पुढचं मोठं काम त्यांना बघायला मिळालं नाही.

आधी हातात झाडू

तुरुंगातून सुटून आलेल्या या माणसानं पारनेरात काय केलं असेल? हातात झाडू घेतला. एवढा शिकलेला, विलायतेला जाऊन आलेला ब्राह्मण रस्ते झाडायला लागला, घाण काढायला लागला. तेव्हा हे काम ठरावीक जातींच्या माथी मारलेलं होतं आणि ते करणाऱ्याच्या सावलीचाही विटाळ मानत. बापटांनी तो नियम तोंडानं नाही, हातानं मोडला. मुलगा झाला तेव्हा आनंदाच्या जेवणाची पहिली पंगत त्यांनी अस्पृश्य मानल्या जाणाऱ्या लोकांची बसवली. १९१४ सालची ही गोष्ट आहे. गावात काय काय बोललं गेलं असेल, ते तुम्हीच मनात आणा.

पुढं पुण्यात ते वर्तमानपत्रात आणि डॉ. केतकरांच्या ज्ञानकोशाच्या कामात होते, तरी झाडू सुटला नाही. मुंबईत १९२० मध्ये सफाई कामगारांनी संप केला तेव्हा बापट त्यांच्या बाजूनं उभे राहिले. जो झाडतो त्याला माणूस म्हणून वागवा, त्याला पोटापुरतं द्या, एवढंच मागणं होतं.

त्याच सुमाराला त्यांनी आणखी एक काम हाती घेतलं. अंदमानात काळ्या पाण्याची शिक्षा भोगणाऱ्या राजबंद्यांना सोडावं म्हणून सह्यांची मोहीम निघाली होती. बापट घरोघर फिरून सह्या गोळा करत, लेख लिहीत, सभा घेत. तुरुंगात गेलेल्या माणसाला लोक लवकर विसरतात. घरचे सोडले तर त्याचं नाव कुणी काढत नाही, आणि सरकारला तेच हवं असतं. म्हणून दारोदार जाऊन त्या माणसांची नावं जागी ठेवायची. आज आपण मानवी हक्कांचं काम म्हणतो, ते यापेक्षा वेगळं काय असतं?

मुळशीत काय घडत होतं

आता मुळशीकडं येऊ. मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधायचं टाटांच्या वीज कंपनीनं ठरवलं. योजना अशी होती : सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारा पाऊस धरणात अडवायचा, ते पाणी पूर्वेकडं आपल्या पठाराकडं न सोडता पश्चिमेला वळवायचं, घाटावरून मोठ्या नळांतून खाली कोकणात भिऱ्याला सोडायचं आणि त्या पडणाऱ्या पाण्याच्या जोरावर वीज तयार करायची. वीज जायची मुंबईला, गिरण्यांना आणि रेल्वेला. आजही मुळशीचं पाणी भिऱ्याच्या वीजघरातून खाली कुंडलिका नदीला मिळतं.

या धरणात पन्नासच्या आसपास गावांची जमीन जाणार होती. आणि जमीन कसली, तर आंबेमोहोराची भातखाचरं. आपल्याकडं डोंगर पुष्कळ, पण सपाट, ओलीची, भात पिकणारी जमीन नदीकाठीच असते. धरणाचं पाणी आधी तीच गिळतं. वर राहतो तो मुरमाड डोंगर. वेल्ह्याच्या मावश्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

कंपनीची माणसं आली ती न विचारता. शेतकऱ्यांच्या रानात चाचणीचे चर खणायला सुरुवात झाली. ज्याचं शेत त्याला पत्ता नाही. तिथूनच कुरबुर सुरू झाली.

आता तेव्हाचा कायदा समजून घेऊ, कारण खरी गोम तिथं आहे. १८९४ चा भूसंपादन कायदा लागू होता. सरकारनं "हे सार्वजनिक कामासाठी आहे" असं जाहीर केलं की जमीन घेता येत होती. खाजगी कंपनीसाठीसुद्धा घेता येत होती. शेतकऱ्याला भांडता येत होतं ते मोबदल्याच्या रकमेवर. "मला जमीन द्यायचीच नाही" असं म्हणणाऱ्याचं म्हणणं ऐकून घ्यायची तरतूदच मूळ कायद्यात नव्हती. हरकत ऐकण्याचं कलम त्यात घातलं गेलं ते १९२३ मध्ये. म्हणजे १९२१ मध्ये मुळशीचा मावळा ओरडत होता तेव्हा त्याचं ओरडणं ऐकायला कायद्याला कानच नव्हते.

दुसरी गोम कागदाची. पुष्कळ जमिनी पुण्यातल्या सावकारांच्या नावावर गेलेल्या होत्या. कसणारा मावळा कूळ म्हणून राबत होता. मोबदला मिळणार तो कागदावर नाव असलेल्याला. म्हणून सावकाराचं भांडण मोबदला वाढवून घेण्याचं होतं आणि मावळ्याचं भांडण जमिनीचं होतं. दोघं एकाच सभेत बसत होते, पण दोघांच्या मनात एक गोष्ट नव्हती. ही फट पुढं फार महागात पडली.

जान किंवा जमीन

१६ एप्रिल १९२१, रामनवमीचा दिवस. त्या दिवशी मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. मावळे धरणाच्या कामावर चालून गेले आणि तिथंच बसून राहिले. घोषणा होती, "जान किंवा जमीन". पुढाऱ्यांत बापट होते, विनायकराव भुस्कुटे होते. पुण्यातले कार्यकर्ते होते आणि खोऱ्यातले शेतकरी होते. बायकाही होत्या. घरात बसून नव्हे, कामाच्या जागी येऊन बसलेल्या. मारहाण झाली, अटका झाल्या, बायकाही तुरुंगात गेल्या. लहान पोरं बरोबर होती.

हा लढा मोठा गाजला. महात्मा गांधींनी त्याच महिन्यात 'यंग इंडिया'त मुळशीवर लिहिलं. कायद्यानं मिळालेल्या अधिकारावर अडून न बसता, गरीब लोकांच्या मनाविरुद्ध त्यांची जमीन घ्यावी का, याचा टाटांनी विचार करावा, असा त्यांच्या सांगण्याचा अर्थ होता. पहिल्या झटक्यात कंपनीला काम थांबवावं लागलं. पण काही महिन्यांनी ते पुन्हा सुरू झालं आणि सत्याग्रहही पुन्हा सुरू झाला. बापटांना शिक्षा झाली, येरवड्याला पाठवलं. सुटून आले की ते पुन्हा मुळशीत हजर. याच लढ्यात लोकांनी त्यांना "सेनापती" म्हटलं आणि ते नाव कायमचं चिकटलं.

कविता कशाला?

आमच्या एका श्रोत्या मुलीनं विचारलं होतं, "धरणाच्या भांडणात कवितेचं काय काम?" प्रश्न चांगला आहे.

बापट काही मासिकांत छापून यावं म्हणून कविता लिहिणारे कवी नव्हते. त्यांची कविता साधी, म्हणता येईल अशी, चालीवर बसणारी. मुळशी खोऱ्यातल्या बहुतेक बायाबापड्यांना वाचता येत नव्हतं. त्यांच्यापर्यंत पत्रक पोचत नाही, वर्तमानपत्र पोचत नाही, पण जात्यावर, बांधावर, चालताना म्हणता येईल असं पद पोचतं. आपल्याकडं तर हे नवं नाही. ज्ञानोबा-तुकोबांचं म्हणणं अक्षर न येणाऱ्या बायकांनी शेकडो वर्षं तोंडावर जपलं. जनाबाईनं दळणकांडण करतच बोलून ठेवलं. बापट त्याच वाटेनं गेले.

दुसरं असं, की तुरुंगात माणसाचं सगळं काढून घेता येतं. कपडे, पुस्तकं, भेटीगाठी. मनात रचलेल्या ओळी काढून घेता येत नाहीत. बापटांच्या पुष्कळ रचना तुरुंगातल्या आहेत. महाराष्ट्राचं भारताशी नातं सांगणारी त्यांची कविता तर आपल्यातल्या कितीतरी जणींनी शाळेत म्हटली असेल, कवीचं नाव माहीत नसतानासुद्धा.

हे एकट्या आपल्याकडचं नाही. युक्रेन देशाचं नाव हल्ली युद्धाच्या बातम्यांत ऐकतो. तिथं वासिल स्तुस नावाचे एक कवी होऊन गेले, १९३८ साली जन्मलेले. तेव्हा युक्रेन सोव्हिएत राज्यात होता. १९६५ मध्ये कीव्ह शहरातल्या एका चित्रपटगृहात नव्या सिनेमाचा पहिला खेळ होता. तिथं काही जणांनी उठून, लेखक-कलावंतांना गुपचूप अटका होत आहेत, याचा निषेध केला. त्यांत स्तुस होते. त्यांचं पुढचं शिक्षण तिथंच तुटलं. १९७२ मध्ये त्यांना पकडलं, शिक्षा झाली. सुटून आल्यावर ते मानवी हक्कांसाठी काम करणाऱ्या गटात गेले, तर १९८० मध्ये पुन्हा पकडलं. तुरुंगातच त्यांनी कविता केल्या आणि पहारेकऱ्यांनी त्या जप्त केल्या. ४ सप्टेंबर १९८५ ला छावणीतच त्यांचा अंत झाला. चार वर्षांनी लोकांनी त्यांचे अवशेष कीव्हला आणले, तेव्हा मोठा जमाव लोटला होता.

बापट आणि स्तुस यांची भाषा वेगळी, काळ वेगळा, भांडणही वेगळं. पण दोघांनाही सत्तेनं एकच गोष्ट सांगितली होती, "गप्प बस, म्हणजे घरी जाशील." दोघंही गप्प बसले नाहीत.

लढा हरला, तो कसा?

मैत्रिणींनो, गोष्टीत शेवटी आपलाच जय व्हावा असं वाटतं. इथं तसं झालं नाही, आणि ते लपवायचं कारण नाही.

तीन वर्षांत लोक थकले. ज्यांच्या नावावर कागद होते त्यातल्या पुष्कळांनी मोबदला घेतला. एकानं घेतला की दुसऱ्याला वाटतं, आपण मागं राहिलो तर हेही मिळायचं नाही. घरात खाणारी तोंडं असली की असं वाटणारच, त्यात कुणाला दोष द्यावा? पुण्याचे पुढारी एकेक करून दुसऱ्या कामांकडं वळले. शेवटी बापट आणि मूठभर सोबती एवढेच राहिले.

१९२४ च्या अखेरीस त्यांनी शेवटचा प्रयत्न केला. धरणाच्या कामावर जाणारी रेल्वेगाडी त्यांनी रुळांवर दगड रचून अडवली. हातात तलवार आणि पिस्तूल होतं. गांधीजींच्या वाटेपासून ते इथं दूर गेले. स्वतःचा जीव द्यायची त्यांची तयारी होती, हे खरं. पण हत्यार हातात आलं की समोर गाडीत बसलेला गरीब मजूरही घाबरतो, आणि तो तर आपल्यासारखाच पोटासाठी आलेला असतो. हेही तितकंच खरं. आम्ही दोन्ही गोष्टी सांगतो. माणूस मोठा असला तरी त्याचं प्रत्येक पाऊल डोक्यावर घ्यावं असं नाही.

त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. सिंधमधल्या हैदराबादच्या तुरुंगात ते होते. इकडं धरणाची भिंत वर येत गेली, पाणी चढत गेलं, १९२७ पासून भिऱ्याला वीज तयार होऊ लागली. त्याच दशकात आपल्याकडं भाटघरचं मोठं धरणही पुरं झालं. तिथल्या पाण्यावर खाली बारामती-फलटणकडचे कालवे वाहू लागले.

बापट १९३१ मध्ये सुटले आणि थोड्याच दिवसांत एका भाषणासाठी पुन्हा आत गेले. १९३७ मध्ये बाहेर आले. तोपर्यंत वय सत्तावन्नच्या घरात. एखाद्यानं म्हटलं असतं, पुरे झालं आता. पण नाही. १५ ऑगस्ट १९४७ ला पुण्यात त्यांच्या हस्ते झेंडा फडकला. स्वातंत्र्य आलं, म्हणून मागून मिळालेल्या मानावर ते बसून राहिले नाहीत. १९५५ च्या मे महिन्यात गोवा मुक्तीसाठी सत्याग्रहींची तुकडी निघाली, तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे बापट नानासाहेब गोऱ्यांबरोबर पुढं होते. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतही ते होते. २८ नोव्हेंबर १९६७ ला मुंबईत त्यांचं निधन झालं.

हरलेल्या लढ्यानं काय दिलं?

मग एवढं सोसून काय मिळालं? त्या मावशींचा प्रश्न घेऊन आम्ही इथंच येऊन थांबलो होतो.

मुळशीचे लोक जमीन वाचवू शकले नाहीत. पण धरणाविरुद्ध संघटित होऊन उभं राहिलेल्या जगातल्या अगदी पहिल्या लढ्यांत अभ्यासक आज मुळशीचं नाव घेतात. देशाच्या विकासासाठी कुणाची तरी जमीन जाणार असेल, तर ज्याची जाते त्याला आधी विचारलं पाहिजे, हे त्यांनी पहिल्यांदा मोठ्यानं म्हटलं. तेव्हा ते हट्टी ठरले. पुढं कितीतरी खोऱ्यांतले लोक तेच म्हणत राहिले आणि शेवटी तो "हट्ट" कायद्यात उतरला.

१८९४ चा कायदा जाऊन १ जानेवारी २०१४ पासून नवा भूसंपादन कायदा लागू झाला. त्यात काय आहे, ते थोडक्यात लक्षात ठेवा.

पहिली गोष्ट, जमीन घेण्याआधी सामाजिक परिणामांचा अभ्यास करायचा, म्हणजे कुणाकुणाचं काय काय जाणार याची मोजदाद करायची आणि गावात जनसुनावणी घ्यायची.

दुसरी, खाजगी कंपनीसाठी जमीन घ्यायची असेल तर बाधित कुटुंबांपैकी ८० टक्के कुटुंबांची आधी संमती लागते. सरकार आणि कंपनी यांच्या भागीदारीतलं काम असेल तर ७० टक्के. मुळशीला हा नियम असता तर?

तिसरी, जमीन नावावर नाही पण त्या जमिनीवर पोट आहे, अशी कुळं आणि मजूर यांनाही बाधित म्हणून धरलं जातं. मुळशीच्या कुळांना जे मिळालं नाही ते हे.

चौथी गोष्ट खास आपल्यासाठी. विधवा, घटस्फोटित आणि घरच्यांनी टाकलेल्या बाईचं या कायद्यात वेगळं कुटुंब धरतात. म्हणजे "ती दिराच्या घरात मोजली" असं म्हणून तिला वगळता येत नाही. आमच्याकडं कितीतरी जणी अशा आहेत की त्यांचं नाव यादीत होतं ते कुणाच्या तरी पोटात. हे कलम त्यांनी पदराला गाठ मारून ठेवावं.

मात्र काही प्रकारच्या प्रकल्पांना यातल्या काही अटींतून सूट देता येते. म्हणून "कायदा आहे, आता काळजी नाही" असं म्हणून बसू नका. नोटीस आली, चावडीवर कागद लागला की तो कुठल्या कलमाखाली आहे, हरकत घ्यायची मुदत किती दिवसांची आहे, हे लगेच विचारा. तालुक्याला विधी सेवा समिती असते, तिथं बाईला वकिलाचा सल्ला फुकट मिळतो.

आणि मुळशीनं शिकवलेला दुसरा धडा कागदाचा. ज्याचं नाव त्याचं बोलणं. आपलं नाव सातबाऱ्यावर आहे का? नसेल तर नवऱ्याच्या हयातीत, त्याच्या संमतीनं, त्याच्याबरोबर बायकोचं नाव लावता येतं. लक्ष्मी मुक्ती योजना म्हणतात तिला. तलाठ्याकडं चौकशी करा. नवरा वारलेला असेल तर वारसनोंद झाली का, ते बघा. भांडायची वेळ येईल तेव्हा नाव लावायला धावून उपयोग नसतो.

तिसरा धडा सोपा आहे, पण पाळायला अवघड. सभेत बसताना एकमेकींना विचारून घ्या, आपण जमीन वाचवायला बसलोय की मोबदला वाढवायला बसलोय? दोन्ही मागण्या रास्त असू शकतात. पण आत एक आणि बाहेर एक असलं की लढा मधेच फुटतो. मुळशीत तेच झालं.

शेवटी

बापटांकडून आपण काय घ्यावं, यावर आमच्या गटात खूप बोलणं झालं. एक आजी म्हणाल्या, "मला तर त्याचा झाडूच आवडला. दुसऱ्याला सांगायच्या आधी स्वतः झाडलं." दुसरी म्हणाली, तुरुंगातल्या माणसांसाठी दारोदार सह्या मागणं मोठं. शाळेतली मुलगी म्हणाली, कविता. आम्हाला वाटतं, तिघींचं म्हणणं एकच आहे. ज्याचं म्हणणं कुणी ऐकत नाही, त्याच्या शेजारी जाऊन उभं राहायचं आणि जमेल त्या साधनानं त्याचं म्हणणं बाहेर पोचवायचं. झाडू असेल तर झाडूनं, गाणं असेल तर गाण्यानं.

पुढच्या उन्हाळ्यात कांबरेश्वराचं देऊळ पुन्हा वर येईल. तेव्हा तिथं जाताना घरातल्या जुन्या माणसांना विचारून जा, आपली खाचरं कुठं होती, विहीर कुठं होती, घराचं जोतं कुठं होतं, आणि पाणी आलं तेव्हा घरातल्या बायका काय म्हणाल्या. ते लिहून काढा किंवा रेडिओवर येऊन सांगा. त्यांना तेव्हा कुणी विचारलं नव्हतं. निदान आता आपण विचारू.